तीन सारखे वाटे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय, म्हणजे जेवतो, झोपतो आणि मधल्या वेळात भिंतीकडे पाहतो. (भिंतही बरी आहे.)

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालताना तू फोनवर बजावलं होतंस, "दादा, डिस्क एकशेवीस जीबीची. सिस्टीमला तीस, स्वॅपला चार, उरलेली सगळी होमला. आपल्या फायली होममध्येच राहतात." मी हो हो म्हटलं. पण पडद्यावर ती लांब पट्टी आली, कुठे किती कापू विचारू लागली, आणि मला वडिलांच्या घराची वाटणी आठवली. तुझ्या वाट्याला माडी, माझ्या वाट्याला जिना, आणि अकरा वर्षं अबोला. (शिडी लावून चढायचास!) तेव्हाच शपथ घेतली होती, की यापुढे माझ्या हातून वाटणी झाली तर ती समसमान. चाळीस, चाळीस, चाळीस! तुझी वहिनी अंथरुणातून म्हणाली, "अहो, माळा आणि स्वयंपाकघर एका मापाचं बांधतं का कुणी?" पण मी न्यायाच्या धुंदीत.

स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली तर यंत्राने तात्पुरतं सामान टाकायची जागा. तिथे चाळीस जीबी अंधार कोंडून मी होममध्ये रोज संध्याकाळी तुझ्या वहिनीचं कवितावाचन कॅमेऱ्यात भरत राहिलो. (शाळेतल्या एकूण एक कविता तिला पाठ, मला नुसत्या चाली.) शेवटची तिची स्वतःची होती. पेन धरवत नव्हतं, म्हणून कुठे लिहिलेली नाही. चार कडवी आहेत म्हणाली होती, उतरली दोन. जागा संपल्याची पाटी पडद्यावर केव्हा आली कळलंच नाही, कारण मी डोळे मिटून ऐकत होतो. ऐकत तरी कुठे? दुसऱ्या कडव्यातल्या एका शब्दावरून आपल्या शाळेच्या पटांगणात जाऊन पोचलो होतो. परत आलो तेव्हा ती पाणी मागत होती. चौथ्या दिवशी गेली.

स्वॅप अजून रिकामंच आहे. रविवारी येऊन वाटे नीट करून दे.

तुझा,
दादा

ता. क. वाटे राहू देत. आता भरायला काही नाही. मी औषधं आणायला गेलो होतो तेव्हा तिने ती कविता तुला फोनवर म्हणून दाखवली, असं ती म्हणाली होती. शेवटच्या दोन कडव्यांतलं आठवेल तेवढं लिहून पाठव.

आणखी एक. आठवत नसेल तर सरळ तसं कळव. दया येऊन स्वतः रचू नकोस. तुझी यमकं मी चौथीपासून ओळखतो. ओळखीन, आणि तरीही पाठ करीन.