आई खाली यायला तयार नाही

९ मे

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. धाकट्या भावाला लिहिताना आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिलाय. हात खरं तर दुसऱ्याच कामासाठी शिवशिवतोय, हे ध्यानात ठेवून पुढे वाच.

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि शेवटी मीच तुझी समजूत घालत बसते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

काल एक्स-रे विभागातली माझी पाळी संपवून आईकडे गेले. घराखालच्या तिच्या बाइंडिंगच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत ती एका जाड वहीच्या पुठ्ठ्याला खळ लावत होती. नाक सोलवटलेलं, गाल लालबुंद, ओठ फुटलेले. मला वाटलं ताप आहे. कपाळाला हात लावायला गेले तर तिने तो झटकला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुझ्या भावाला विचार. बस, एवढंच. बाहेर पडले तर समोरचे चष्मेवाले दारातच उभे. कौतुकाने म्हणाले, तुमच्या आईंची कमाल आहे हो, या वयात हेलिकॉप्टरने डोंगरावर उतरून आल्या! मी हसले. काय करणार, सगळं ठाऊक असल्यासारखी हसले.

आईला डोळे तपासायला नेतोय असं तू मला सांगितलं होतंस. डोळे तपासायला डोंगरावर कधीपासून नेतात? सत्तरी ओलांडलेली बाई. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियातून उठली, अजून वरच्या मजल्यावर जाताना मधल्या पायरीवर टेकते. तिच्या छातीचे फोटो मी माझ्या हाताने काढलेत. तुला तुझ्या धंद्यातल्या फरशा कळत असतील, फुप्फुसं मला कळतात. तिथल्या विरळ हवेत तिचा श्वास अडकला असता तर काय करणार होतास? हेलिकॉप्टर कंपनीच्या माणसाला हाक मारून दुसरी आई मागणार होतास?

आणखी एक. आपण दोघं जे बोललो होतो ते तू तिच्या कानावर घातलंस का? ती तुझ्यावर चिडली तर समजू शकते. माझा हात का झटकला, ते मला कळत नाहीये.

उत्तर पाठव. पत्राने.

तुझी,
ताई

१४ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार आधीच घालून टाकतो. पुढचं वाचल्यावर तू तो घेशील याची खात्री नाही.

डोळ्यांचं खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर तू दाराला आडवी पडली असतीस. पण तिच्या डॉक्टरांना विचारलं होतं. थोडा वेळ असेल तर हरकत नाही, थंडी तेवढी लागू देऊ नका, असं ते म्हणाले. तेव्हा फुप्फुसांवरचं भाषण आता पुरे.

आणि ती खूश होती, ताई! तू तिला पाहिलं नाहीस म्हणून असं लिहितेस. कानावर ते मोठे हेडफोन, नाक काचेला चिकटलेलं. खालची शेतं बघून म्हणाली, एकाचीही कड सरळ कापलेली नाही. आमच्याबरोबर नवीन लग्न झालेलं एक जोडपं होतं. दरीवर हेलिकॉप्टर कलंडलं तशी त्या मुलीने किंचाळून नवऱ्याचा दंड धरला. आईने तिला सांगितलं की दुसराही धर, एकाच बाजूला वजन नको. पायलटसुद्धा हसला.

उतरलो ती जागा म्हणजे शिखराच्या खाली एक सपाट तुकडा. एकीकडे कडा, दुसरीकडे बर्फ, अडीअडचणीला म्हणून बांधलेली पत्र्याची एक खोली. रस्ता नाही, पायवाटसुद्धा नाही. पाती थांबली आणि इतकी शांतता झाली की आपण काहीतरी चुकीचं केलंय असं वाटावं. आईने आपण होऊन माझा हात धरला. शाळेच्या पहिल्या दिवसानंतर तिने माझा हात असा धरला नसेल. मला वाटलं, सांगायचं तर आत्ताच.

सांगितलं. दुकान दातांच्या एका डॉक्टरांना दवाखान्यासाठी द्यायचं ठरलंय, त्यांना मी शब्द दिलाय. माझ्याकडची मागची खोली तिच्यासाठी रंगवून घेतलीय. कटिंग मशीनवर तिचा अंगठा कापला तेव्हापासून आम्हा दोघांच्या जिवाला घोर आहे. हो, आम्हा दोघांच्या, असंच म्हणालो. शटर ओढून आत बसता येणार नाही अशा ठिकाणी तिला सांग, हे तुझेच शब्द होते.

तिने हात सोडला. हे खाली का नाही सांगितलंस, असं विचारलं. मी म्हणालो, खाली तू ऐकून घेत नाहीस. ती चालत गेली आणि एका दगडावर माझ्याकडे पाठ करून बसली.

निघायची वेळ झाली, पायलटने हात केला. आई हलेना. तो जवळ आला, विनवण्या केल्या. कड्याखालून ढग वर चढताना दिसत होता. आई त्याला अगदी गोडीत म्हणाली, तुमच्याशी माझं काही भांडण नाही; याला इथे ठेवा आणि मला खाली न्या. याने यापुढे कुठे राहायचं ते मी खाली जाऊन ठरवीन आणि याला कळवीन. तो नवरा मुलगा हसला, मग माझं तोंड बघून बुटाची नाडी बांधायला वाकला. मी तिचा दंड धरून तिला उठवायला गेलो. तिने माझ्याकडे असं बघितलं की हात आपोआप मागे आला.

तेवढ्यात ढगाने सगळं झाकून टाकलं. समोर धरलेला हात दिसेना. पायलटने सरळ सांगितलं की आता कुणीच कुठे जाणार नाही. दुपारभर आम्ही पाचजण त्या पत्र्याच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसलो. ती मुलगी कुडकुडत होती, रडत होती. आईने तिला आपली शाल दिली. मग त्या मुलीने माझी जी खरडपट्टी काढली तशी तूही कधी काढली नसशील. स्वतःच्या आईशी असं वागणारा माणूस तिने पाहिला नव्हता म्हणे.  ढग फाटल्यावर आई सगळ्यांच्या आधी बाहेर पडली आणि पुढे, पायलटच्या शेजारी जाऊन बसली.

आता सांग, माझं काय चुकलं? तिला आयुष्यात कुणी दाखवलं नाही ते मी दाखवायला नेलं. माझ्या घरात जागा दिली. अडून बसली ती, पाच माणसांचा जीव धोक्यात घातला तिने, आणि आरोपी मी. आणि तू? तू नामानिराळी, वर मलाच खडसावतेस.

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवावा असं सध्या सुचवत नाही.

तुझा,
ढब्बू

२० मे

चि. ढब्बूस,

या खेपेला आशीर्वाद अर्धाच.

शटर ओढता येणार नाही अशी जागा म्हणजे माझं स्वयंपाकघर, मूर्खा! टेबल, तीन खुर्च्या, चहा. जिथून माणसाला राग आला तर उठून जाता येतं अशी जागा. तू तिला अशा ठिकाणी नेलंस जिथून पायी परतायची वाटसुद्धा नाही, आणि मग म्हणतोस ती अडून बसली. दुसरं काय करायला जागा ठेवली होतीस?

आणि ठरलंय? कधी ठरलं? आपलं बोलणं झालं होतं ते तिला विचारायचं. डॉक्टरांना शब्द दिल्याचं मला तुझ्या पत्रातून कळतंय. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझं नाव पुढे करून तू तिला माझाही निकाल ऐकवलास, आणि मला विचारलंदेखील नाहीस.

मी तिच्याकडे गेले होते. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला कापडाचं एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं, आणि पुठ्ठ्यावर ते ताणून बसवता बसवता विचारलं, तुला माहीत होतं का? मी म्हणाले, अर्धं. तिने विचारलं, कुठलं अर्धं. मी कापडाची सुरकुती सारखी करत राहिले. काम संपल्यावर म्हणाली, माझ्या घराची तुझ्याकडची किल्ली टेबलावर ठेवून जा. ठेवली. बसथांब्यावर येऊन इतकी रडले की एका अनोळखी बाईने पाणी दिलं.

पुढचं ऐक. दातांच्या डॉक्टरांचा माणूस टेप घेऊन भिंती मोजायला आला होता. तुझ्याच शब्दावर आला असणार. आईने टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं, मापं नीट घेऊ दिली, आणि मग त्याला सांगितलं की आता हे सगळं विसरा.

हे मला शिवणबाईंनी सांगितलं. तुला आठवत असेलच, आईबरोबर कितीतरी वर्षं पानं शिवायला बसतात त्या. आज गेले तर दुकानात त्या एकट्याच. आई पिशवी घेऊन गावाबाहेर गेलीय, कुठे ते सांगायचं नाही असं त्यांना बजावून गेलीय. फोन बंद. सगळ्या हॉस्पिटलांत चौकशी केली. हे पत्र पोस्टाने नाही, माणसाच्या हाती पाठवतेय.

तुझ्यावरचा राग मी बाजूला ठेवलाय, टाकून दिलेला नाही. तिला शोध.

ताई

२६ मे

चि. बबडी आणि चि. ढब्बू यांस,

दोघांना मिळून एकच आशीर्वाद पाठवते. भांडून वाटून घ्या.

मी घरी आले आहे. फुप्फुसं जागेवर आहेत. बबडीने माझ्यासाठी हॉस्पिटलं पालथी घातली आणि ढब्बू शिवणबाईंच्या दारात जाऊन बसला, हे कळलं. चार दिवस आई कुठे आहे हे माहीत नसलं की कसं वाटतं ते तुम्हाला समजलं. तुम्ही दोघं माझं काय काय ठरवत होतात ते मला माहीत नव्हतं, तेव्हा मला मात्र काहीच वाटलं नाही. कारण मला माहीतच नव्हतं. याचा राग जास्त येतो.

तुम्हाला वाटतंय मी दुकानासाठी चिडले. दुकान मी स्वतःच सोडणार होते. अंगठ्याला सुईचा जोर आता सोसत नाही, आणि त्या कटिंग मशीनची मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते, कारण अंगठा माझा होता. हिवाळ्यात अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनाशी ठरलं होतं. शिवणबाईंशी बोलणंही झालं होतं. डोंगरावर मी ढब्बूचा हात धरला तो हेच सांगायला. इतकी सुंदर जागा, मुलगा शेजारी, म्हटलं इथेच सांगू, म्हणजे सांगताना रडू आलं तरी वाऱ्याने आलं असं म्हणता येईल. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याने उघडलं. माझीच गोष्ट त्याने मला सांगितली, आणि तिच्यात मी कुठेच नव्हते. डॉक्टर होते, खोलीचा रंग होता, तुम्हा दोघांच्या जिवाचा घोर होता.

बबडी, तू म्हणालीस तुला अर्धंच माहीत होतं. त्या अर्ध्याचं तू मला अर्धं जरी सांगितलं असतंस तरी चाललं असतं. रोज येत होतीस. माझ्या गोळ्या मोजत होतीस.

त्या नव्या नवरीला थंडीत बसवलं, हे मात्र माझं चुकलं. तिला मी तसं फोन करून कळवलं आहे. ती उलट मलाच धीर देत होती.

आता कोणी काही ठरवायच्या आत मी सांगते. दुकान शिवणबाई चालवतील. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन नाही म्हणाले. ते बिचारे शरमले, त्यांना वाटलं होतं मला सगळं ठाऊक आहे. मी वरच्या खोल्यांतच राहणार. मशीनला हात लावणार नाही, हे तुमच्यासाठी. खाली शिवणबाईंशेजारी बसून काम बघीन आणि चुका काढीन, हे माझ्यासाठी. ढब्बूने रंगवलेल्या खोलीत फरशांचे नमुने ठेवावेत. पुढे कधी जिना चढवेनासा झाला तर मी सांगेन. कुणाकडे राहायचं तेही मीच सांगेन, आणि कदाचित ते नाव तुमच्या दोघांपैकी कुणाचंच नसेल. बबडीने किल्ली परत मागू नये. दाराला घंटी आहे, ती वाजते.

मी कुठे होते ते आता लिहिते. त्या कंपनीच्या कचेरीत गेले. तोच पायलट होता. मला पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आधी बाहेर डोकावला आणि विचारलं, मुलगा बरोबर आहे का? नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. तिथे खोली घेऊन राहिले. दोन सकाळी ढग होते म्हणून त्याने नेलं नाही, मीही घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. त्याने मला पुढेच बसवलं.

मागच्या वेळी तो डोंगर मी पाहिलाच नव्हता, नुसतं ढब्बूचं तोंड पाहिलं होतं. उतरल्यावर पायलट मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला. बर्फाखालून पाणी वाहत होतं, दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कड्यापलीकडे एकामागून एक डोंगर होते, शेवटचे इतके फिके की ते आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. एक काळा पक्षी माझ्या पायांच्या खालून उडत गेला. थंडी होती, पण मी दोन कोट घातले होते, बबडीने काळजी करू नये. मी सगळा वेळ उभी होते. बसावंसं वाटलंच नाही. कोणी मला काहीही सांगितलं नाही.

तुमच्यावर माझा लोभ आहे, तो मागायची तुम्हाला गरज नाही. रागही आहे. तो उतरला की कळवीन; तोवर आपण होऊन कोणी येऊ नये.

तुमची,
आई