पायरीवर ठेवलेलं

सोमवार

पोचले एकदाची! लेक म्हणत होता, आई, या वयात एकटी डोंगरात जाऊन वाघाशी गप्पा मारणार का? म्हटलं, तुझ्याशी मारून काय उजेड पडला? सून गालातल्या गालात हसली. सगळं ठरवून दिलं ते नातीने, माझ्या चिमणीने. डोंगरातली तीन राखीव रानं, प्रत्येक ठिकाणी तळ्याकाठी एक लाकडी खोली. रविवारी शेवटच्या खोलीवर ती मला न्यायला येणार. रोज चार ओळी लिही म्हणाली. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा काना-मात्रा कुठे पळाले तर हसायचं नाही, बाई.

चौकीवरच्या पहारेकऱ्याच्या मिशा अशा, की टोकांवर रुमाल वाळत घालावेत. मी त्याचं नाव मिशाळ ठेवलं. मासेमारीचा परवाना देताना त्याने बजावलं, रानातल्या कशालाही खायला घालू नका. मी शहाण्यासारखी मान डोलावली. दुपारी गळाला मासे काय लागले! पण पलीकडे लव्हाळ्यात काहीतरी हललं, पाणमांजर असावं. असं टक लावून बसलं, की माझा घास घशाखाली उतरेना. एक मासा खडकावर ठेवला. म्हटलं, घे रे बाबा, उपाशी नको राहूस.

मंगळवार

सकाळी पायरीवर मासा! मी दिला त्याहून मोठा, वर खवले काढून साफ केलेला. मिशाळानेच गंमत केली असेल म्हणून आभार मानायला गेले, तर त्याचा चेहराच उतरला. कुणाला खायला घातलंत का, म्हणून विचारत राहिला. मी नाही म्हटलं. उगाच कशाला बोलणी खा?

एकटी असले की माझं तोंड बंद नसतं. गळाशी बोलते, किटलीशी बोलते, दुखऱ्या गुडघ्याला तर शिव्याच घालते. आज सरपण ओलं निघालं, कोरडं हवं होतं म्हणून भांडले.

बुधवार

दिवसभर बसने दुसऱ्या रानात आले. तळं वेगळं, खोली वेगळी. पायरीवर कोरड्या लाकडांची मोळी. आणि एक मासा. इथल्या माणसांना विचारलं, कुणीच ठेवलं नाही म्हणतात. मी मोठ्याने सांगितलं, मासे आता पुरे, नको.

गुरुवार

नको म्हटलं तरी मासा आलाच. लव्हाळ्यातल्या त्याला ‘नको’ कळत नसावं. काहीतरी हवं म्हटलं की शेवटचं जे मागितलं तेवढंच कळतं. दिवसभर दुर्बीण लावून बसले, मन लागेना. पाठीमागे सारखं कुणीतरी असल्यासारखं. एक हरीण दिसलं असतं तर, एवढंच पुटपुटले.

शुक्रवार

पायरीवर हरीण. मेलेलं. अंगावर ओरखडा नाही. डोळे उघडे, दाराकडे.

सामान भरून तिसऱ्या रानाला निघाले. बसमध्ये ओठ मिटून होते. पण इथली थंडी हाडात शिरते. किटली ठेवताना निघून गेलं तोंडातून, मिशाळाच्या अंगात होता तसा कोट हवा होता.

शनिवार

कोट. त्याचाच. सगळी बटणं लावलेली, आतून ऊबदार.

मिशाळ दोन डोंगर मागे राहिला—

आता फक्त लिहिते. लिहिलेलं त्याला ऐकू येत नाही. कोट बघितला आणि किंचाळले तेव्हा जे ओरडले ते—चिमणे, लवकर ये गं—

शेवटचं तेच बोलले.

फोन लागत नाही. ते बोलणं मागे पडावं म्हणून बाहेर जाऊन कोट हवा म्हटलं, हरीण हवं म्हटलं. लव्हाळं हललं नाही. एकदा मागून मिळालं ते पुन्हा आणत नाही की काय. दुसरं काय मागू? देवा, काही सुचत—

रविवार

धुकं. खालच्या वळणावर बस दिसते. लव्हाळं वाटेकडे वाकत चाललंय. पुढे पुढे—

माझी चिमणी त्या बसमध्ये—

सुचलं. दार उघडून ओरडले. म्हटलं, तूच ये. मला तू हवास. दुसरं कुणी नको, तूच.

लव्हाळं थांबलं. वळलं.

बस अजून चढतेय. चढू दे. हळूहळू चढू दे.

वाटेवर चिखल वाजतोय. पाय दोन की—नाही, बघणार नाही.

चिमणे, खोलीत येऊ नकोस. कोटाला हात लावू नकोस. आजी मजेत होती म्हणून सांग सगळ्यांना, खरंच होते गं, तळ्यावर ऊन पडलं की—

पायरी वाजली.

उभं आहे. ठोठावत नाही. वाट बघतंय.

मी बोलावलंय. आता मागे फिरलं तर तिच्याकडेच जाईल. कडी काढते. ये रे बाबा, आत ये, बस हां, इथे माझ्याजव—