वॉल्टरच्या अकरा वह्या आणि तीन सॉफ्टवेअर्स

रेजिना, कॅनडा,
१० ऑक्टोबर २००६

चिरंजीव मिलिंद यास दीनानाथमामाचे ओंजळभर आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत (माझा डावा गुडघा सोडून, पण त्याला विचारतो कोण). तुम्हा मंडळींची तब्येत सविस्तर कळव. कागदावर लिहितोय, कारण ईमेलला तू 'श्योर मामा' एवढंच उत्तर देतोस आणि हा विषय तेवढ्यात मावणारा नाही. तू सॉफ्टवेअरमधला, त्यातून सख्खा भाचा. तेव्हा शेवटपर्यंत वाचणं तुला भाग आहे.

आमचा शेजारी वॉल्टर तुला आठवत असेल (तुझी गाडी बर्फातून ओढून काढली होती तो). वय ब्याऐंशी, बायको जाऊन चार वर्षं झाली. रेंजवर जाऊन पुठ्ठ्यावर नेम धरायचा आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी आणून पुन्हा भरायच्या, हा त्याचा चाळीस वर्षांचा छंद. कुठल्या पुंगळीत किती दारू घातली (बंदुकीची, तुझ्या आईला घाबरवू नकोस), वारा कुठून होता, गोळी कुठे लागली, सगळं अकरा वह्यांत. आता मुलगी त्याला दूर केलोना शहरी तिच्या काँडोत (म्हणजे आपला फ्लॅटच) नेणार आहे. काँडोत वडिलांना जागा आहे, वह्यांना नाही. त्या कॉम्प्युटरात घाला आणि लगेच या, असं तिचं म्हणणं. म्हणजे सॉफ्टवेअर ठरलं, वह्या आत गेल्या, की वॉल्टर निघाला. निवडीचं काम त्याने माझ्यावर सोपवलं, कारण त्याच्या मते प्रत्येक भारतीयाला कॉम्प्युटर येतो. मी एकतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच पाहिले हे सांगून पाहिलं, पण तो मला नम्र समजतो.

मेपासून दर शनिवारी दहाच्या ठोक्याला तो वह्या आणि तराजू घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये उतरू लागला, आणि पुढे ते सामान इथेच राहिलं. (दारूचा डबा मात्र मामीच्या हुकमाने त्याच्याच गॅरेजमध्ये, लागेल तेवढी डबीतून येते.) मी नोकरीतल्या शिस्तीने तुलनात्मक तक्ता केला, त्याला बावीस रकाने पाडले. पहिलं सॉफ्टवेअर वाऱ्याची दिशाच विचारत नाही. दुसरं सगळं विचारतं, पण त्याचा हिरवा रंग बघून वॉल्टरला दवाखाना आठवतो. तिसरं सुरू होताना बंदुकीचा बार काढतं. पहिल्यांदा मामी हातात लाटणं घेऊनच जिना उतरली होती. ती म्हणते, मला पाहायला आलात तेव्हा वीस मिनिटांत होकार दिला होतात, मग आताच एवढी चिकित्सा का?

गेल्या शनिवारी अंतिम परीक्षा ठेवली. वहीतलं वजन तिन्ही सॉफ्टवेअर्समध्ये भरलं. वॉल्टरने नेहमीच्या मापट्याने दारू घेऊन तराजूत टाकली, मी आकडा वाचून टाइप केला, आणि पडदा लाल (म्हणजे दारू वहीपेक्षा जास्त, धोका)! दुसऱ्यातही लाल, तिसऱ्यातही लाल. मी तिन्ही कंपन्यांच्या नावाने ठणाणा केला आणि खरमरीत तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला. तेवढ्यात वॉल्टरने भिंग काढलं, तराजूचं पारडं उलटं केलं आणि अतिशय शांतपणे म्हणाला (दीनानाथचा त्याने डीन केलाय), "डीन, देअर इज राइस इन माय स्केल."

होत्या खऱ्या, कुंकवाने लाल झालेल्या दोन अक्षता, पारड्याच्या तळाला घट्ट चिकटलेल्या. आदल्याच रविवारी खंडेनवमी झाली. मामीची सुरी, माझे पाने-पक्कड, कॉम्प्युटर, बर्फाचं फावडं असं सगळं मांडून मी पूजा केली होती, आणि पाहुण्याचं हत्यार म्हणून तराजूवर अक्षता जरा सढळ हाताने टाकल्या होत्या, ओल्या कुंकवासकट. मी ओशाळून वॉल्टरला समजावलं, की बाबा रे, हा आशीर्वाद आहे. तो म्हणाला, "वेल, देन वी गॉट्टा सबट्रॅक्ट द ब्लेसिंग." आणि खरंच वजाबाकी करून बसला! तिन्ही पडद्यांवरचा लाल रंग गेला. मसुदा मी मुकाट्याने फाडला.

तर मिलिंदा, या विषयात तुझा सल्ला हवा. मामीचे आशीर्वाद. भाचेसूनबाईंना, जाईला सांग, मामांनी चौकशी केली आहे.

तुझा,
दीनानाथमामा

ता. क. मामीने पत्र वाचलं. ती म्हणते, मी आजवर एकच गोळी झाडली आणि आठवडाभर खांदा शेकत बसले होते, हेही लिहा. लिहिलं.

ता. क. २. दुसरं सॉफ्टवेअर उत्तम आहे. मला जुलैतच कळलं होतं. त्यात अकरा वह्या सहा शनिवारांत भरून होतील, आणि मग तो जाईल. मला त्या माणसाची फार सवय झाली आहे रे. तेव्हा अशी आणखी चार-पाच सॉफ्टवेअर्स शोधून कळव. टाकाऊ असली तर फारच छान.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच वॉल्टर कुंपणाशी आला. आज मंगळवार, तरी आला. विचारत होता, तुझ्या त्या भाच्याला अजून काही सॉफ्टवेअर्स माहीत असतील का? मी म्हटलं, भरपूर. तर म्हणाला, "गुड. टेल हिम नो रश."