घोड्यावरचा नवरदेव

ती. सुपडूनाना,

सविनय जयभीम. जॅझची रीत अशी, की मूळ धून सर्वांनी मिळून वाजवायची, मग एकेकाने ती खुलवायची आणि अखेर मूळ धुनीवर येऊन थांबायचे. मेहरूणच्या स्टुडिओत आमच्या पहिल्या अल्बमची शेवटची रचना मेघा, नूतन आणि मी, अशा आम्ही तिघांनी तशीच संपवली. पाहुणे म्हणून साथीला बोलावलेल्या तुमची क्लॅरिनेट मात्र थांबेना. मेघाने ड्रमवर पुन्हा ठेका धरला, मीही पियानोवर परतलो. आणि काय सुंदर वाजवलेत तुम्ही! शेवटी नूतन गिटार घेऊन स्टुलावरून उतरली आणि म्हणाली, “उतरला नवरदेव, नाना.” तेव्हा कुठे तुम्ही थांबलात.

नंतर ओशाळून म्हणालात, “जनम वरातीत गेला, बापू. नवरदेव घोड्यावरून उतरल्याबिगर बोटं थांबत नही. मायी चूक कापून टाकजो, नाहीतर अल्बमवर मायं नाव नको लावू.”

नाना, ती चूक नव्हे. ऐनवेळी सुचलेले एकाने वाजवावे आणि इतरांनी त्याला साथ द्यावी, यालाच जॅझ म्हणतात. मी काहीच कापलेले नाही, नूतनचे वाक्यसुद्धा.

पण हे पत्राने पटायचे नाही. म्हणून हे पत्र टपालात न टाकता खिशातच ठेवून, रेकॉर्डिंग घेऊन रविवारी सावद्याला येतो. आधी ऐका, नावाचे मग ठरवू.

आपला पुतण्या,
बुद्धभूषण