पाटसला परत पाठवलेली दोन मतं

दौंड, १८ नोव्हेंबर १९९६

ती. चांगुणाताईस भिमाचा सविनय जयभीम, वि. वि.

डाव्या आघाडीने नगरपालिकेला आमच्या वॉर्डातून धुरपदाबाईंना उभं केलंय. भाजी विकतात, बोलायला तिखट. साठ घरांत एकच नळ आहे. दुसरा आणीन, एवढंच त्यांचं म्हणणं. आघाडीत पक्ष चार आणि माणसं, मला धरून, अकरा. पत्रक मी लिहिलं. प्रत्येक पक्षाची दुरुस्ती घेता घेता जागतिक व्यापार पहिल्या पानावर आला आणि नळ चौथ्यावर गेला. नळावरच्या रांगेत वाचायला उभा राहिलो, तर दुसऱ्या पानाला रांगच संपली. धुरपदाबाई म्हणाल्या, सर, तुमी घरी जावा, मी बोलते.

दाजींना जयभीम. माया आहे तशीच असू दे.

तुझा भिमा


शिरूर, २३ नोव्हेंबर

चि. भिमास ताईचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र वाचून दाजींना हसता हसता खोकला लागला. मतदानादिवशी तुला काही काम दिलंय का? लहानपणी लपाछपीत तूच ओरडून सांगायचास, मी दाराआड आहे, तुला दिसलो नसेन म्हणून. या खेपेला तोंड मिटून रहा. बाईंना नळ मिळू दे.

जिवाला जपून राहा.

ताई


दौंड, ३ डिसेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

काल मोजणी झाली. एका मताने हरलो, आणि दोन मतं मीच घालवली. रविवारी धुरपदाबाईंची बहीण सगुणाबाई नवऱ्यासह मतदानाला पाटसहून एसटीने आली. बारा वर्षं दोघं तिथं कारखान्यावर, नावं मात्र अजून दौंडच्या यादीत. जिथं राहतो तिथंच मत द्यावं, हे मी त्यांना शाळेच्या फाटकाशी अर्धा तास समजावलं. समोरच्या उमेदवाराच्या माणसानेसुद्धा त्यांच्या मताला हरकत घेतली नव्हती. माझं ऐकून त्याने मला चहा पाजला. सगुणाबाई म्हणाली, सर म्हंत्यात तवा खरंच आसंल. दोघं आल्या पावली परतली.

त्या दिवशी डायरीत लिहिलं, तत्त्वाला जागलो. आज ते वाक्य वाचवत नाही. प्रामाणिक होतो, की नुसती चांगलं दिसायची हौस होती? बाईंना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

भिमा


शिरूर, ७ डिसेंबर

चि. भिमास आशीर्वाद.

चूक की बरोबर ते डायरीत ठरव. बाईंना मात्र समोर जाऊन सांग. पत्र लिहू नकोस, लांबेल.

ताई


दौंड, १२ डिसेंबर

ती. ताईस सविनय जयभीम.

गेलो. बाजारात बाई वांगी मांडत होत्या. मी प्रस्तावना सुरू केली तोच म्हणाल्या, सगुणीनं त्याच सांजंला फोन केलता, सर लई ग्वाड बोललं म्हनून. मग परत वांगी मांडायला लागल्या. या बाईला आणखी पाच वर्षं त्याच रांगेत उभं राहायचंय, हे मला तेव्हा नीट कळलं. पत्रकात ते कुठंच नव्हतं.

शेवटी म्हणाल्या, पुढल्या टायमाला मी उभी ऱ्हाणारच हाय. तुमी समोरच्यांत जावा, आन् त्यांची मतं माघारी धाडा.

मी मान डोलावली. घरी आल्यापासून मात्र विचार करतोय, तसं करणं योग्य होईल का? सवडीने कळव, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा भिमा