सूर्याचं वादळ आणि खिडकीवरची चादर

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

माहेरी आलेली लेक सुमी जेवून पडली आहे. खिडकी उघडी आहे. हुश्श!

सकाळी टीव्हीवर सूर्याच्या वादळाची बातमी आली आणि लगेच अक्कलकोटहून सुमीच्या सासूबाईंचा फोन. "सातवा महिना हाय तिला. गिराण पाळतो तसं पाळा. खिडकी झाका, पाणीसुद्धा न्हाय." मीही ग्रहण लागल्यासारखी मुकाट्याने ह्यांची जुनी चादर खिडकीला ठोकली. का ऐकलं मी?

दुपारी उकाड्यात पोरीचे ओठ सुकले, तेव्हा वाचनालयातून आणलेलं सूर्यावरचं पुस्तक पुन्हा काढलं. पृथ्वीभोवती चुंबकाची हद्द असते. सूर्याकडचा वारा तिला समोरून दाबतो, मागे शेपटासारखी लांब ओढतो. वादळात ती आणखी आत सरकते, वारा ओसरला की परत बाहेर. थोडे कण शिरतात, पण हवा त्यांना आपल्यापर्यंत पोचू देत नाही.

सुमी म्हणाली, "म्हणजे ही चादरच की, आई." खरंच, चादर वाऱ्याने आत फुगली होती. खिळे पक्के होते.

तिला ताक दिलं. चुकत असले तर? हे जाऊन चार वर्षं झाली, तरी असं काही विचारायला मान त्यांच्या खुर्चीकडेच वळते.

सहाला मीच विहीणबाईंना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळ हलतंय का?"

"लई लाथा मारतंय."

"मग माझ्यावरच गेलंय की!"

चादर काढून घडी केली. तिला खिळ्यांची चार भोकं पडली आहेत. हे आधी रागावले असते. मग हसले असते.