अकरा जणी जिवंत आहेत

परभणी,
९ फेब्रुवारी १९९३

ती. किशनदादास,

सत्यशीलाचा नमस्कार. गीतावहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. मुंबईहून येऊन मला आठ दिवस झाले, परभणीतच उतरलेय, आणि तुला कळवलं नाही. रागाव, पण पत्र फाडू नकोस. आधी बातमी वाच. दादा, मी जिंकले!

काय जिंकले ते ऐक. अंडाशयाच्या कॅन्सरच्या गाठीत पेशीच्या कडेवर एक प्रथिन असतं. बाहेरून आलेला ‘वाढ’ हा निरोप ते पेशीच्या आत पोचवतं. काही गाठींत ते बेसुमार असतं. ऑपरेशनात काढलेल्या साठ जणींच्या गाठींचे पातळ काप मी काचेच्या पट्ट्यांवर घेऊन रंगवले. प्रथिन जास्त असेल तिथं कड गर्द तपकिरी होते. नावं झाकून साठही काचा वाचल्या. माझं म्हणणं एवढंच, की गर्द कडांच्या बाया लवकर जातात, फिक्या कडांच्या जास्त जगतात.

पण निष्कर्ष काही निघेना. फिक्या काचांतल्याही चौदा जणी मेलेल्या! तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली म्हणून मी रडले. मग नोंदी उघडल्या तर काय, चौदाही आपल्या भागातल्या, आणि चौकशीच्या कार्डाला उत्तर नाही म्हणून कारकुनानं सरळ ‘मयत’ लिहिलेलं. कार्डं परत आलेली: या नावाची बाई गावात नाही.

मुंबईकरांना हे सात जन्मांत उमगलं नसतं. आजारी बाईला दवाखान्यात नेतो भाऊ, आणि तो सांगतो माहेरचं नाव. सासरच्या पोस्टमनला लग्नात बदललेलं नाव तेवढं ठाऊक.

मग आठ दिवस एस.टी.नं फिरले. गंगाखेडकडंही येऊन गेले, तुला चुकवून. नाव विचारायचंच सोडलं; ‘मुंबईला पोटाचं ऑपरेशन झालेली कोण?’ एवढंच विचारायचं. पाथरीजवळ केवळाबाई भेटली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मी मेले म्हनून कोन लिवलं? मग ही शेरडं कोन चारायलंय?” चौदांपैकी अकरा जिवंत, दादा! ज्यांच्या हाताखाली मी हे काम करते त्या मॅडमना मुंबईला फोनवर आकडे सांगितले. त्यांनी दोनदा मांडून पाहिले आणि ओरडल्या, “सत्यशीला, निघालं गं!” मी बूथमध्ये एकटीच नाचले.

आता जे लांबवत होते ते. हे नावाचं मला सुचलं ते आईवरून. तुझा ऊस तोडीला आला होता, तू तीन आठवडे थांबा म्हणालास, शेवटी मामाच तिला घेऊन गेले. त्यांनी नाव सांगितलं सरजा. आपल्या घरी ती सुमन. तिची गाठ या साठांत होती. नावं उघडली तेव्हा कळलं. मी ती काच वाचली होती, ‘अतिशय गर्द’ असा शेरा मारला होता आणि चहा प्यायला गेले होते.

एका काचेवरून एका बाईचं ठामपणे सांगता येत नाही, हे मीच सगळ्यांना बजावते. पण अशा गर्द काचेच्या ज्या बाया वेळेवर दवाखान्यात आल्या, त्यांतल्याही बहुतेक दोन वर्षांत गेल्या. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मी तुला म्हणाले, ‘आईला तू मारलंस.’ त्या बोलण्याला काहीही आधार नव्हता. तरी चार वर्षं तेच धरून बसले. चुकलं माझं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. न्यायला येऊ नकोस, असं लिहिणार होते. ये.

तू नाही आलास तरी घरापर्यंत चालत येणारी,
तुझी धाकटी बहीण
सत्यशीला